विजेला वळण लावणारे साडू

ठाणे जिल्ह्यात वीज कोणी आणली ते मला ठाऊक नाही, पण आणल्यावर तिला वळण लावण्याचा विडा उचलणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे साडू. मुरबाडच्या एका दोऱ्याच्या कारखान्यात ते विजेचे इंजिनिअर होते. शहापूरला आमच्याकडे आले की पाण्याचा तांब्याही हातात न घेता खुर्चीवर चढून ट्यूबलाइटला कान लावत आणि डॉक्टरी चेहरा करून म्हणत, "साडूभाऊ, तुमची वीज मैली आहे." जेवताना आमटीत बोट बुडवून ताटात एक मोठी लाट काढत आणि तिच्या अंगावर बारीक बारीक लाटा. मोठी ती आपली वीज. बारीक त्या हार्मोनिक, तिच्यात नको असताना घुसणाऱ्या. त्यातही पाचपट वेगानं थरथरणारी पाचवी फार द्वाड! हे सांगताना त्यांचा आवाज चढत जाई, आणि मेहुणी शांतपणे त्या लाटांवर भात वाढून मोकळी होई.

आटगावला एका साखरपुड्यात लाउडस्पीकर भुणभुणत होता आणि सगळे माइकवाल्याच्या नावानं खडे फोडत होते. साडू उठले, मांडवामागे गेले आणि रंगीत दिवे मंद-तेज करणारी पेटीच त्यांनी बंद करून टाकली. भुणभुण थांबली, पण संध्याकाळच्या त्या काळोखात नवऱ्या मुलाला अंगठी घालायला मुलीचं बोट सापडेना. "आता ऐका सनई, किती निर्मळ!" असं साडू म्हणत होते. वरमाय काय म्हणत होती, ते लिहिण्यासारखं नाही.

पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी हीच मैली वीज कारखान्याच्या जिवावर उठली. मोटारींचा वेग कमी-जास्त करणारी नवी यंत्रं आली होती. साडूंच्या भाषेत, ही यंत्रं वीज घोटाघोटानं पीत नाहीत, लचके तोडून खातात. त्या लचक्यांनी, वीज वाया जाऊ नये म्हणून बसवलेले कपॅसिटर फुगून फुटू लागले. एक फुटला की त्याहून मोठा बसवायचा आणि त्याच्यापुढे नारळ वाढवायचा, अशी रीतच पडली. मोठा आणखी जोरात फुटे. शेवटी मालक कंटाळले. दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर यंत्रं उचलून गुजरातला न्यायची, असं त्यांनी ठरवलं. पॅकिंगमध्ये वैशाखरे गावच्या हिराबाई होत्या. त्यांनी साडूंना गाठून विचारलं, "सायेब, मशिनी गेल्या तर आमी काय करवंदा इकाची का?" त्या दिवशी साडू जेवले नाहीत.

मग त्यांनी फिल्टरचा ध्यास घेतला. तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं, त्याला जोडलेले कपॅसिटर, आणि दोन्ही असं जुळवायचं की पाचवी लाट बाकीच्या विजेत न पसरता तिथेच जिरावी. "खाचराचा बांध फुटू नये म्हणून पाण्याला वाट ठेवतात, तशी," ते हिराबाईंना सांगत.

चाचणीला त्यांनी मलाही ओढून नेलं. मालकांचा आग्रह होता की नारळ वाढवलेले जुने कपॅसिटरही जोडीला असू द्यावेत. देवाचं झालेलं कशाला काढा? साडू म्हणाले, "ते राहिले तर मी जातो." ते काढताना बघ्यांचे चेहरे मूर्ती हलवल्यासारखे झाले होते. खटका ओढला. यंत्रं धडधडू लागली. आम्ही सगळे कानांत बोटं घालून उभे, आणि साडू मात्र फिल्टरच्या कपाटाला कान लावून! कपॅसिटर गप्प. मीटरवर नजर टाकून ते ओरडले, "गेली! पाचवी गेली!" आणि त्यांनी चक्क मालकांना मिठी मारली. मालकांच्या हातातला नारळ दोघांच्या मध्ये अडकला होता. यंत्रं मुरबाडलाच राहिली.

साडू निवृत्त झाल्यावर एका खंडेनवमीला कारखान्यातून आम्हाला बोलावणं आलं. पूजा झाली, यंत्रं सुरू केली. साडूंनी फिल्टरच्या त्या कपाटाला आधी उजवा कान लावला, नंतर डावा. मग हळूच म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही ऐका बरं. मला आता ऐकू येत नाही."

मी कान लावला. इतकी वर्षं ताटातल्या लाटा पाहूनही पाचवी कशी ओळखायची ते मला कधी कळलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की पलीकडे पॅकिंगमध्ये हिराबाई कुणाची तरी थट्टा करत होत्या आणि बायका हसत होत्या.

"निर्मळ आहे," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. हात मात्र कपाटावरून काढला नाही.