पुण्यासाठी घेतलेला टाइपरायटर

"इथं किती दिवस आहोत!" असं म्हणून ते उजवा हात असा काही उडवायचे, की वाटावं, गाडी फलाटाला लागली आहे, हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन खोळंबला आहे आणि आपणच यांना उगाच गप्पांत अडकवून ठेवलं आहे. प्रत्यक्षात कलकत्त्यातल्या बेहालाच्या त्या दोन खोल्यांत ते इतकी वर्षं राहत होते, की घरमालकाच्या ज्या नातवाच्या उष्टावणाला ते जेवून आले, तो नातू आता गल्लीच्या तोंडाशी उभा राहून विड्या ओढत होता.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कलकत्त्याला आलेली मराठी घरं तुम्हीही पाहिली असतील. पण यांच्या घराची तऱ्हा न्यारी. कपाट नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. पुण्याहून सामान ज्या लाकडी खोक्यांतून आलं, तीच खोकी घरभर मांडलेली. एकावर जेवायचं, एकावर बसायचं, एकावर देव. प्रत्येक खोक्यावर काळ्या रंगात ठसठशीत 'पुणे'. देवसुद्धा वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे दिसायचे.

त्यातली काही खोकी त्यांनी उघडलीच नव्हती. "परत खिळे ठोकत कोण बसणार?"

वहिनी स्टीलच्या पेल्यातून चहा द्यायच्या आणि पदरानं पेला पुसत म्हणायच्या, "चांगले कप आहेत हो आमच्याकडे. लग्नातले. पण ते त्या खोक्यात."

"बाहेर काढा की," मी एकदा म्हणालो.

"पुण्यात काढू!" आतून त्यांचा आवाज आला.

माझा जन्म कलकत्त्याचा, माझ्या वडिलांचाही. त्यामुळे ते माझ्याकडे गाडी चुकलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसे पाहायचे. मीही काही कमी नव्हतो. "दारात आंब्याचं कलम लावू का?" असं विचारून त्यांना छळायचो.

"आंबे खायला कोण असणार इथं? तुम्ही! म्हणून तर सुचतंय तुम्हाला!"

अशा माणसानं एक दिवस माझ्याकडे येऊन, जिना चढल्याची धाप टाकत, "एक वस्तू घ्यायची आहे. टिकाऊ," असं म्हणावं, तेव्हा माझ्या हातातला पानाचा डबा पडायचाच राहिला.

वस्तू म्हणजे टाइपरायटर. त्यांना निवृत्तीचे वेध लागले होते. मुलगी सुमन, एकुलती एक. बी.ए. होऊन घरी होती. डलहौसी चौकातल्या एका खासगी कचेरीत टायपिस्टची जागा निघायची होती आणि तिथले हेडक्लार्क माझ्या ओळखीचे होते. परीक्षा इंग्रजी टायपिंगची. क्लासात तासभर बडवून हात बसत नाही, घरी यंत्र हवं. नवीन परवडणारं नव्हतं. पण त्या काळात कंपन्या कलकत्त्यातून गाशा गुंडाळून निघाल्या होत्या आणि त्यांची टेबलं, पंखे, टाइपरायटर जुन्या सामानाच्या दुकानांत छतापर्यंत रचलेले असायचे. बंगालीत घासाघीस करायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं.

काय सांगू तुम्हाला त्या खरेदीची गंमत! दर शनिवारी आम्ही तिघं निघायचो. सुमन कळा दाबून बघायची, मी किंमत पाडायचो आणि हे गृहस्थ यंत्र दोन्ही हातांनी उचलून दुकानदाराला विचारायचे, "वजन किती? रेल्वेनं न्यायचं आहे."

एक कचेरी मोडून आलेलं इंग्रजी यंत्र शेवटी सापडलं. कळा लोण्यासारख्या. सुमननं उभ्या उभ्याच एक ओळ टाइप केली आणि घंटी वाजली तशी ती खुदकन हसली. मी भाव ठरवला. दुकानदार सुतळी आणायला गेला. तेवढ्यात यांना कोपऱ्यात, पंख्यांच्या ढिगाखाली, बंद पडलेल्या कुठल्याशा हिंदी साप्ताहिकाचं देवनागरी यंत्र दिसलं.

त्यांनी त्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली. चष्मा कपाळावर चढवून एक कळ शोधली. दाबली. कागदावर 'ळ' उमटला. तो त्यांनी उजेडात नेऊन पाहिला.

"हे घेऊ."

दुकानदार सुतळी हातात घेऊन थिजला. "ये मशीन इधर कौन लेगा, दादा?"

"बाबा," सुमन हळूच म्हणाली, "परीक्षा इंग्रजीत आहे."

"ती इथली परीक्षा. तिकडे सगळा कारभार मराठीत चाललाय. मराठी टायपिस्ट मिळत नाहीत म्हणून लोक रडताहेत. माझा बदलीचा अर्ज वर गेलाय, सुमे. इथं किती दिवस आहोत!"

हात उडाला. मी इंग्रजी यंत्राची तारीफ करून पाहिली, विनोद करून पाहिला, शेवटी चिडून पाहिलं. सुमननं मात्र दुकानदाराच्या हातातली सुतळी घेऊन ते यंत्र बांधायला सुरुवात केली. ते यंत्र घरी आलं आणि कपांच्या खोक्यावर विराजमान झालं.

सुमन त्यावर रोज बसायची. वडील समोर बसून वर्तमानपत्रातला मजकूर सांगायचे आणि ती बडवायची. डलहौसीच्या परीक्षेत तिची बोटं भलत्याच अक्षरांवर धावली. "काका, हात मराठीत विचार करत होता," असं तिनं मला हसत हसत सांगितलं. इतकं वाईट हसू मी फार थोडं पाहिलंय.

पुण्याची बदली आली. त्यांच्याच कचेरीतल्या दुसऱ्या माणसाची.

निवृत्तीनंतर ते एकटेच पुण्याला गेले. दोन खोल्या बघायच्या आणि सुमनच्या नोकरीचं विचारायचं. महिनाभर राहणार होते, आठवडाभरात परतले. मी भेटायला गेलो तर खोक्यावर बसून होते.

"काय म्हणतंय पुणं?"

"स्टेशनवर पुतण्या आला होता. पिशवी हातातून घेतली आणि पहिला प्रश्न, काका, इथं किती दिवस आहात? मग त्याच्या आईनं विचारलं. शेजाऱ्यांनी. न्हाव्यानंसुद्धा, हो! गळ्याभोवती फडकं बांधता बांधता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

उजवा हात मांडीवरच राहिला. "काय सांगणार?"

"आणि सुमनच्या नोकरीचं?"

"वय विचारलं."

त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मी मुद्दाम आंब्याच्या कलमाचा विषय काढला, तर म्हणाले, "लावा की."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. केवडातल्याच्या स्मशानातून परतलो तेव्हा आम्ही बरीच माणसं होतो. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या बंगाली बाईंनी किटलीभर चहा करून आणला, पण पेले पुरेनात. कोपऱ्यात बसलेल्या वहिनी कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "त्या खोक्यात कप आहेत."

सुमन उठली. घरमालकाकडून पक्कड मागून आणली. खोक्यावर टाइपरायटर होता. मी तो उचलला. रेल्वेनं न्यायच्या मानानं फारच जड होता.

"कुठं ठेवू गं?"

तिनं खोलीभर पाहिलं. भिंतीच्या कडेनं खोकी, प्रत्येकावर पुणे.

"इथंच ठेवा, काका," तिनं पायाजवळची फरशी दाखवली आणि पहिला खिळा उपसायला घेतला.