एकोणसत्तरचा मुंजा

आता हे सांगायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायची. पण चहा तुम्ही पाजताय आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तेव्हा ऐका. फक्त मध्येच हसू नका.

मी अमेरिकेत कॉम्प्युटर शिकून नाशिकला परतलो तो एक पण करूनच: आपल्या माणसांसाठी काम करायचं आणि मराठीत करायचं! कांद्याचा व्यापार करणाऱ्या एका संस्थेने मला ठेवून घेतलं. ऑफिस शहरात, गोदाम नाशिकरोडला, दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर. ऑफिसच्या यंत्राने गोदामाच्या यंत्राला आपणहून फोन लावायचा, किती माल आला ते विचारायचं आणि फोन ठेवायचा. माणसाने बोटही लावायचं नाही.

असा पडद्यामागे गुपचूप राबणारा जो प्रोग्राम असतो ना, त्याला तिकडे डीमन म्हणतात. म्हणजे भूतच! म्हटलं, भूतच ठेवायचं तर परदेशी कशाला? मी त्याचं नाव ठेवलं 'मुंजा'. आणि मुंजा मध्येच कोसळला तर त्याला तिथल्या तिथे पुन्हा उभा करायला दुसरा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव 'राखण्या'.

"बच्छाव," मी आमच्या क्लार्कना छाती फुगवून सांगितलं, "मी मेलो तरी हा मुंजा मरणार नाही!"

"असं अभद्र बोलू नका साहेब," बच्छाव म्हणाले. "अजून लग्न व्हायचंय तुमचं."

मग गोदामाचा फोन नंबर घालायचा होता. बच्छाव म्हणाले, "इंग्लिशमधून सांगू का?"

मी भडकलोच. "का? मराठी आकड्यांची लाज वाटते तुम्हाला?"

"मला कशाला लाज? घ्या. शेवटचे दोन आकडे एकोणसत्तर."

घातले. मुंजा चालू केला. आणि गोदामाकडून मालाचा एक आकडा येईल तर शपथ! तिकडचे लोक म्हणतात, फोन वाजतच नाही. मी टेलिफोन खात्याच्या नावाने बोटं मोडत घरी आलो. देश पुढे जाणार कसा, सांगा ना!

मी नाशिकरोडलाच सुमनमावशी आणि काकांकडे भाड्याने राहत होतो. त्यांच्या विद्याचं दुसरं बाळंतपण मालेगावला, सासरी. दिवस भरलेले. जावई फोन करणार म्हणून मावशी फोनपाशी पाट टाकून बसलेल्या. आणि फोन वाजायचासुद्धा! पण उचलला की तिकडून कोणी बोलायचंच नाही.

"नुसती शीळ रे," मावशी घाबरून म्हणाल्या. "थांबून थांबून शीळ घालतो. आपटला की लगेच परत वाजतो. विद्याचा फोन यायचा कसा? मला तर तो मागच्या पिंपळावरचा मुंजाच वाटतो."

"मावशी!" माझा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला असेल. "माणूस चंद्रावर जाऊन आला आणि तुम्ही मुंजा घेऊन बसलात? भूतबीत काही नसतं. हा कोणी तरी सडक्या डोक्याचा माणूस आहे!"

तेवढ्यात फोन वाजला. मीच झडप घातली.

"लाज नाही वाटत? तुला आई-बहीण नाही?"

शीळ.

"एका लेकुरवाळ्या बाईला शीळ घालतोस? हिंमत असेल तर नाव सांग!"

शीळ.

"निर्लज्ज आहे!" मी काकांना म्हणालो. "किती बोला, त्याच्या सुरात फरक नाही!"

काय म्हणालात? यंत्राची शीळ मला ओळखू कशी आली नाही? अहो, ऑफिसच्या लोकांना त्रास नको म्हणून यंत्राचा आवाज मीच पहिल्यापासून बंद करून ठेवला होता! आयुष्यात ऐकली असेल तर ओळखणार ना?

काकांना घेऊन मी थेट टेलिफोन एक्स्चेंजवर. तिथल्या पगारे साहेबांसमोर टेबलावर हात आपटला. "दोन तक्रारी आहेत. आमच्या ऑफिसचा फोन गोदामाला लागत नाही आणि यांच्या घरी नको त्याचा लागतो. हे खातं आहे की थट्टा?"

पगारेंनी शांतपणे काकांना नंबर विचारला. काका म्हणाले, "शेवटी एकोणऐंशी." मी मनात म्हटलं, हं, म्हणजे एटी नाइन.

आलं लक्षात? नाही ना? मलाही नव्हतं आलं.

"उद्या फोन आला की ठेवू नका," पगारे म्हणाले. "धरून बसा. कुठून येतो ते इकडून बघतो."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नराधम पकडला जाणार म्हणून अर्धी गल्ली ओट्यावर गोळा झाली. शेजारच्या आजोबांनी काठी आणली होती. फोन वाजला. शीळ! मी रिसीव्हर दोन्ही हातांनी असा धरून बसलो, जणू चोराची मानगूटच.

"पण विद्याचा फोन..." मावशी कळवळून म्हणाल्या.

"मावशी, प्रश्न तत्त्वाचा आहे!"

पगारे स्कूटरवरून आले. मी ओरडलो, "सापडला?"

"सापडला."

"कोण आहे तो हलकट?"

"तुमचं ऑफिस."

आजोबांनी काठी माझ्याकडे वळवली. मग पगारेंनी विचारलं, "गोदामाचा नंबर काय घातलाय?"

"एकोणसत्तर. सेव्हन नाइन!"

"साहेब, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन. सेव्हन्टी नाइन म्हणजे एकोणऐंशी, म्हणजे हे घर. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच वायरीच्या दोन टोकांना आहेत."

आता तुम्हीच सांगा, तोंडाने सत्तर म्हणायचं आणि राहायचं साठात, हा काय प्रकार आहे? परदेशातून आलेल्या माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर?

मावशी फोन आपटायच्या, मुंजा कोसळायचा, राखण्या त्याला उठवायचा आणि उठलेला मुंजा परत मावशींनाच फोन लावायचा. मी ऑफिसच्या दुसऱ्या फोनवर बच्छावांना गाठलं.

"बच्छाव, मुंजाला मारा!"

"मारला साहेब... उठला!"

"परत मारा!"

"मारला. उठला! साहेब, लय चिवट हाय हो, तुम्ही म्हणाला तस्सा!" घाईत बच्छावांची शुद्ध मराठी त्यांच्या गावच्या, सटाण्याच्या वाटेला लागली.

"अहो, प्लग उपटा!"

"तुम्हीच म्हणाला होता, प्लगला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे."

"लावा हात! मी सांगतो ना, लावा!"

रिसीव्हर ठेवतो न ठेवतो तोच घंटी. माझं डोकंच फिरलं. उचलला आणि गरजलो, "मुंजा, आता शीळ घातलीस तर उभा जाळीन!"

पलीकडून घाबरलेला आवाज आला. "मी... मालेगावहून बोलतोय. सकाळपासून लावतोय, लागतच नव्हता. विद्याला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मुंजा कोण?"

मावशींनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. हसल्या, रडल्या, चार वेळा तेच तेच विचारलं. मग पदराने डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं की नाही, मुंजा आहे म्हणून?"

आणि बाई बरोबर होत्या!

तेव्हापासून गल्लीत मला दुसरं नाव नाही. परवा मला बघायला एक स्थळ यायचं होतं. मुलीच्या वडिलांनी कोपऱ्यावरच्या वाण्याला माझ्या नावाने पत्ता विचारला.

वाणी म्हणाला, "आपला मुंजा होय? सरळ जा. पिंपळाच्या पुढ्यातलं घर."

ते तिथूनच परत गेले. साधा फोनसुद्धा केला नाही हो!