एका गाईसाठी अख्ख्या खिल्लाराचं गाणं

कांचोरा म्हणजे आमच्या विहिरीच्या तळाशी उभा राहणारा माणूस. जन्म गेला त्याचा तिथं, गुडघाभर चिखलात. तो डबा भरून वर देणार, विहिरीत एकावर एक असलेल्या माच्यांवर उभे असलेले आम्ही तो हातोहात चढवणार, तेव्हा कुठं वर गुरांच्या डोणीत पाणी पडणार. मी त्याच्या डोक्यावरच्याच माचीवर असते, म्हणून त्याच्या शिव्याही पहिल्यांदा मलाच मिळतात.

तळातला माणूस गातो. ज्याचं खिल्लार प्यायला आलं, त्याचं गाणं. आम्हा बोरान गुराख्यांच्या गाई अशा माजोरड्या, की परक्या गाण्याला पाऊल उचलत नाहीत. कांचोराच्या गाण्यात त्याच्या सगळ्या गाईंची नावं होती. पाऊस तोंड फिरवून गेला, एकेक गाय बसली ती उठलीच नाही. त्यानंतर तो लोकांची गाणी म्हणायचा, आपलं मात्र त्यानं टाकलं.

उरली एकटी दिम्तू. पाळ्या लावणाऱ्या जार्सोनं तिला मोलूच्या खिल्लारात घातली. त्या दिवशी मोलूच्या गाई पिऊन गेल्या, ही डोणीकडं येणाऱ्या उतरणीवर तशीच उभी. तोंडाशी डबा नेला तर मान फिरवली. मागच्या पाळीलाही कोरडीच परतली होती. त्या दिवशीही प्यायली नसती तर संपलीच होती.

जार्सोनं वरून हाक दिली, "कांचोरा, तुझी राणी रुसलीय. तुझं गाणं म्हण."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"मग वर ये, कातडं सोलायला."

मलाही राग आला. "म्हणून टाका हो काका एकदाचं. खांदे गळून पडलेत माझे."

खालून एक डबा वर आला. मग तो गायला लागला, बसक्या आवाजात. एकेक नाव घेत गेला, एकही गाळलं नाही. दिम्तू पहिल्या ओळीलाच डोणीकडं उतरली आणि प्यायला लागली. पण गाणं चालू आहे तोवर डबे थांबवायचे नाहीत, ही आमची रीत. हात आपोआप चालत राहिले. डोण भरली, वाहायला लागली. ओंजळभर पाणी सांडलं तरी अंगावर येणारा जार्सो ते वाहताना नुसता पाहत होता.

गाणं संपलं तसा कांचोरा धापा टाकत वर आला. त्यानं भरलेली डोण पाहिली, दिम्तू पाहिली, मग उतरणीकडे पाहिलं.

"माझ्या बाकीच्या कुठं अडल्यात?"

मला रडूच फुटलं. जार्सोनं त्याला हाताला धरून सावलीत बसवलं.

"येतील," तो म्हणाला. "तू आधी पाणी पी."