जागेवर हाय का?

घरी कोणी बाई आली की तिच्या हातात पाण्याचा तांब्या देता देताच माझ्या सासूबाई आपला गुन्हा सांगून टाकत. "हिला दवाखान्यात म्या जाऊ दिलं न्हाई. माझ्यामुळं झालं." मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून आम्ही नांदेडला टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेतले. रक्ताची तपासणी चांगली आली तेव्हा आत्याबाईंनी धर्माबादच्या आमच्या गल्लीत घरोघरी साखर वाटली. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, की गर्भ पिशवीत सोडला तरी कधी कधी तो नळीत जाऊन रुजतो. सोनोग्राफी चुकवायची नाही, आणि एका बाजूला दुखलं, चक्कर आली तर लगेच निघायचं.

सोनोग्राफीच्या दिवशी सकाळपासूनच माझ्या पोटात डावीकडे दुखत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "रस्ता लई खराब हाय. धक्के बसतेत. पडून ऱ्हा." मी पडून राहिले. दुपारी मोरीत कोसळले. शुद्धीवर आले ती नांदेडच्या दवाखान्यात. नळी फुटली होती, ऑपरेशन करून काढावी लागली होती. थोडा आणखी उशीर झाला असता तर मीही गेले असते.

घरात कोणी त्यांना बोल लावला नाही. तेच त्यांना सोसेना. एकदा माझी वेणी घालताना म्हणाल्या, "एक डाव तरी मला बोल, माय."

"मलाही जायची भीतीच वाटत होती, आत्याबाई."

"तू भ्यालीस. म्या तर मोठी होते ना."

त्यानंतर गल्लीत कोणाला दिवस गेल्याचं कळलं की आत्याबाई तिच्या दारात हजर. सोनोग्राफी झाली का, जागेवर हाय का, एवढंच विचारायचं. काहीजणी चिडत, अभद्र बोलते म्हणत. त्या ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा उपचार घेतले. एकदा असं झालेल्या बाईला धोका जास्त असतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंच होतं. सोनोग्राफीला आत्याबाई सोबत आल्या, पण खोलीत येईनात. मी बाहेर येऊन जागेवर आहे म्हणाले, तशा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

मुलगी झाली. बारशाला आलेल्या शेजारणीने पहिली बेटी म्हणून कौतुक केलं. आत्याबाई बाळाचं झबलं सारखं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसरी हाय ही."