दोघांचे डाव

जुना डेटाबेस भरला होता. कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला असताना 'भरला' असल्या नोंदी मी मालाच्या रॅकबद्दल नेहमी करायचो. ही घरच्या कॉम्प्युटरबद्दल होती आणि वाचणारं कुणी नव्हतं. मी ऑनलाइन पोकर खेळायचो. खेळलेला प्रत्येक डाव एक प्रोग्राम साठवून ठेवायचा : टेबलावर कोण होतं, कुणी काय लावलं, कुणी पत्ते टाकून डाव सोडला, आणि पडद्यावर शेजारच्या गप्पांच्या खिडकीत कोण काय बोललं तेही. पैशाचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद झाले तोवर ती फाईल मर्यादेला टेकली होती. काही शोधायला गेलं की पडदा गोठायचा.

खेळच बंद झाला, मग डाव हलवायचे कशाला? लेकीनं पुण्याहून हेच विचारलं. नातू लहान असल्यामुळं बायको तिच्याकडंच असते.

"बाबा, पुसून टाका सगळं आणि इकडं या."

"एक काम आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

स्वेच्छानिवृत्तीनंतर सकाळचा नाश्ता उरकला, भांडी पालथी घातली, की मी पोकरच्या टेबलावर बसायचो. त्या वेळेला दुसरा एकच खेळाडू असायचा. लासूर स्टेशनला त्याचं दुकान होतं, एवढं त्यानं सांगितलं होतं. खरं नाव त्यानं विचारलं नाही, मीही नाही. तिथं तशी पद्धत नव्हती. बाकीचे येईपर्यंत आम्ही दोघंच खेळायचो आणि इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायचो.

"काय मालक, चहा झाला का?"

"झाला. पत्ते वाटा."

"पत्ते मशीन वाटतंय. मी वाटले असते तर तुम्ही कवाच घरी गेला असता."

"घरीच आहे."

"मग तर लईच अवघड. थांबा, गिऱ्हाईक आलं."

गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबायचो. दिवसभरात माझ्याशी एवढं बोलणारा तो एकटाच होता, पण हे तेव्हा कुठं लिहून ठेवावं असं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यानं लिहिलं, "मालक, नंबर घ्या माझा." आणि पुढं आकड्यांच्या जागी ओळीनं चांदण्या उमटल्या. खेळाडूंनी बाहेर संगनमत करू नये म्हणून त्या खिडकीत फोन नंबर दिसत नसे. मी माझा लिहिला. त्याच्याही चांदण्या झाल्या. आकड्यांऐवजी अक्षरांत लिहावं हे सुचेपर्यंत टेबल बंद झालं होतं.

मला वाटत होतं की चांदण्या फक्त पडद्यावर असतील. साठवलेल्या मजकुरात नंबर तसाच असेल. तो मजकूर आता डेटाबेसातच होता. डाव आत घेतले की मूळ फाईल मी पुसायचो. एकच माल दोन ठिकाणी ठेवायचा नाही, ही स्टोअरची शिस्त. म्हणून मोठ्या क्षमतेचा नवा डेटाबेस बसवला, जास्त जागेची डिस्क आणली आणि कामांची यादी केली. आधी जुन्याची प्रत, मग स्थलांतर, मग ताळा. ताळा जमेपर्यंत जुनं पुसायचं नाही.

डाव रांगेनं पलीकडं जात राहिले. मधे मी कपडे वाळत घातले, गिरणीतून दळण आणलं. परत आलो तेव्हा काम पूर्ण झाल्याची पाटी होती. ताळा केला. जमेना. नव्यात डाव कमी होते.

पुन्हा चालवलं, पुन्हा तेवढेच कमी. मग राहिलेले डाव वेगळे काढले. सगळे सकाळचे होते. सगळ्यांत दोनच खुर्च्या भरलेल्या, एक माझी आणि एक त्याची.

दोष नव्या डेटाबेसाचा नव्हता. टेबलावर किमान तिघं असतील तेच डाव घ्यायचे, अशी खूण मीच केली होती. दोघांच्या खेळात माणूस फालतू पत्त्यांवरही टिकून राहतो, त्यामुळं सरासरी बिघडते. म्हणून हिशेबातून ते डाव मी नेहमीच वगळायचो. हात सवयीनं गेला होता.

खूण काढली. डाव आले. सरासरी बिघडली. शेवटचा दिवस उघडला.

"मालक, नंबर घ्या माझा." पुढं चांदण्याच होत्या. माझ्याही ओळीत तेच.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं लासूरला गेलो. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या वाचत हिंडलो : बी-बियाणं, मोबाईल, भांडी, पाईप. समोरचा पैज वाढवतो तेव्हा हा किती वेळा पत्ते टाकतो हे मला ठाऊक होतं. दुकान कशाचं, ते नाही. मोंढ्यात कांद्याचा लिलाव चालला होता. मोठा डाव लावण्याआधी तो जरा थांबायचा, म्हणून बोली लावणाऱ्यांकडं पाहत उभा राहिलो. तिथं सगळेच थांबत होते.

शेवटी चहाच्या गाड्यावर बसलो. चहावाल्यानं विचारलं, "कोण पायजे, काका?"

"इथला एक दुकानदार. पत्ते खेळायचा."

"हळू बोला. पोलीस हायत का तुम्ही?"

"नाही. मोबाईलवर खेळायचा. आता बंद झालंय."

"मग आता काय करतो तो?"

"तेच विचारायला आलोय."

तो हसला. "काका, समदा बाजार मोबाईलमधी डोकं घालून बसलाय. कोणता देऊ?"

मी खिशातला कागद काढला. त्याचं पोकरच्या टेबलावरचं नाव वर लिहिलं, खाली माझा नंबर.

"आकड्यात लिहायला काय झालं?" चहावाला म्हणाला. "हे वाचंपर्यंत चहा उतू जाईल."

तरी त्यानं तो कागद बिस्किटांच्या बरणीमागं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा चिकटवला.

घरी येऊन यादीतलं शेवटचं काम केलं. जुना डेटाबेस पुसला. दोघांचे डाव नव्यात तसेच ठेवले आहेत. खेळताना मी फोनचा आवाज बंद ठेवायचो आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही. म्हणून सकाळी आधी ते बटण बघतो, मग चहा ठेवतो.