कुत्री दहा दिवस जगली पाहिजे

पहिली काठी माझ्या खांद्यावर बसली. ती कुत्रीसाठी होती, मी मध्ये आलो. दुसरी तिच्या मागच्या पायावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, वाळलेलं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा.

मारणारा आमच्या कोपऱ्यावरचा म्हैसवाला. रोज संध्याकाळी तो नदीपलीकडून तीन म्हशी घेऊन येतो, कट्ट्यापाशी बांधतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हातात देतो. लोक कट्ट्यावर बसून कोमट, फेसाळ दूध तिथंच पितात. मीही पितो. त्या दिवशी त्याची मधली म्हैस खाली बसली होती. तिला उठवून तो धारेला बसला, कासेवर पाणी मारलं आणि त्याचा हात घाणीनं माखला. कुत्र्याची विष्ठा, चारही सडांना लागलेली. शेजारी बसलेल्या निवृत्त मास्तरांच्या पेल्यात दुसऱ्या म्हशीचं दूध होतं, तरी त्यांनी ते गटारात ओतलं. बाकीचे उठले. एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्यापासनं आपलं पिशवीचंच बरं बाई."

डोळ्यांसमोर धार काढतो म्हणून तर लोक त्याच्याकडे येतात. तोच विश्वास गेला, तर त्याच्याकडे विकायला काही उरत नाही. काठी उचलून तो सरळ माझ्याकडे आला. मी कुत्रीला फिरवून परत येत होतो, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात तिच्या घाणीची पिशवी.

माझ्याकडेच का, याचं उत्तर त्या पिशवीत होतं. आमच्या गल्लीत कुत्र्याचं उचलणारा मी एकटा. जुना पेपर, वर पिशवी, गाठ, मग कचऱ्याची गाडी. पोरं हसतात, "काका, पाव किलो आम्हाला बी बांधा की!" समोरच्या नव्या बंगल्यात सिमेंटच्या पाइपांचे व्यापारी राहतात. त्यांचा काळा, रुंद जबड्याचा कुत्रा पन्नास किलोच्या खाली नसेल. ते फक्त फाटक उघडतात. कुत्रा एकटाच हवं तिथं जातो, शिट्टी वाजली की परत येतो. मी एकदा बोललो, तर म्हणाले, "रस्ता महापालिकेचा हाय, कुत्रं माझं हाय. तुमचं काय हाय त्यात?"

म्हणजे घाण करणारा कुणी पाहिला नव्हता, उचलणारा सगळ्यांनी रोज पाहिला होता.

"अहो, माझी कुत्री नऊ किलोची," मी ओरडलो. "एवढी घाण तिची असेल का?"

"किलोवर बोलू नका! रोज तुमच्याच हातात दिसतीया!" तो म्हणाला आणि काठी फिरवली.

पाय मोडल्यावर कुत्री किंचाळली, उलटली आणि तिनं त्याच्या पोटरीत दात रोवले. तो हिसका देत होता, ती सोडत नव्हती. मी हातातल्या पिशवीसकट त्याच्या तोंडावर बुक्की मारली. पिशवी फुटली. ते त्याच्या मिशांना लागलं, माझ्या मनगटावरून ओघळलं. तिनं पोटरी सोडली तेव्हा रक्त चपलेपर्यंत आलं होतं.

"चावली! पिसाळलीया! हाणा!" गल्ली धावली. मी कुत्रीवर पालथा पडलो. एक वीट माझ्या पाठीत बसली, दुसरी तिच्या तोंडाजवळ फुटली. कोपऱ्यावरची म्हातारी मूठभर कांदा-लसूण चटणी घेऊन आली. आमच्याकडं कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरतात. तिनं त्याच्या पोटरीत मूठ दाबली आणि तो असा ओरडला की म्हशींनी दावी ताणली.

मला त्या घटकेला एकच आठवलं आणि मी तेच ओरडत राहिलो. "मारू नका! चावलेलं कुत्रं दहा दिवस जगलं तरच कळतं पिसाळलेलं नाही म्हणून! ही मेली तर ह्याला कसं कळणार?"

म्हैसवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. तिखटानं लाल झालेलं त्याचं तोंड पांढरं पडलं. मग तो लंगडत पुढं आला आणि काठी गर्दीवर फिरवली. वीट मारणाऱ्याच्या कोपराला लागली.

"हात लावशीला तर टाळकं फोडीन! कुत्री आता माझी हाय!"

पळसुद्धा लागला नाही. आधी तिला मारायला निघालेला माणूस तिच्यावर पहारा देत उभा होता.

माझ्या अंगणातल्या नळाखाली मी त्याची पोटरी साबणानं धुतली, तिखट पूर्ण निघेपर्यंत. तो मला शिव्या देत होता. बायको कुत्रीला चादरीत गुंडाळून रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली आणि मी त्याला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. पाठीमागून त्याच्या अंगावरच्या घाणीचा वास येत होता, माझ्याही.

"तिला दरवर्षी लस देतो," मी म्हणालो. "कार्ड आहे घरी."

"कार्ड चावलं न्हाय मला. कुत्री चावली."

इंजेक्शनं त्याला घ्यावीच लागणार होती आणि प्रत्येक वेळी मीच नेणार होतो. चावणारं जनावर माझं होतं, त्यात वाद नव्हता. पण त्याची भीती सुईची नव्हती. त्याच्या चुलत्याला असंच कुत्रं चावलं होतं. पाण्याचा तांब्या पाहून तो भिंतीवर डोकं आपटायचा. चार माणसांनी त्याला बाजेला बांधलं होतं आणि तो बांधलेलाच गेला. हे त्यानं मला सिग्नलला थांबल्यावर सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तसं.

इकडे डॉक्टरांनी कुत्रीच्या पायाला प्लॅस्टर घातलं, पण आतूनही मार आहे म्हणाले. मेली तर डोकं कापून तपासायला पाठवावं लागेल, हेही सांगितलं. दोन दिवस तिनं खाल्लं नाही.

तो रोज धारा संपल्या की यायचा. दारात काठी टेकवून विचारायचा, "जित्ती हाय?"

प्लॅस्टरचा पाय ओढत ती गुरगुरायची.

"गुरगुरती म्हंजे ब्येस हाय." तिसऱ्या दिवशी त्यानं लोटीतून दूध आणलं. ती त्याच्याकडं पाहून दात दाखवत राहिली आणि दात दाखवतच प्यायली. तो उकिडवा बसून तिच्या घशाकडं बघत होता. प्रत्येक घोट खाली उतरला की त्याचाही घसा हलायचा.

एक दिवस तो धारांआधीच आला, दम निघेना म्हणून. आम्ही पायरीवर उभे असताना समोरचं फाटक उघडलं. काळा कुत्रा बाहेर आला, कट्ट्याकडं गेला, म्हशीच्या खुंट्याचा वास घेतला आणि नेमका तिथंच घाण करायला बसला. मग शिट्टी वाजली.

म्हैसवाल्यानं काठी माझ्या हातात दिली, तो खाली वाकला आणि रोज शेण उचलतो तसं दोन्ही हातांनी ते उचललं. बंगल्याच्या पांढऱ्या भिंतीवर त्यानं शेणी थापावी तसं ते थापलं. पाच बोटं स्वच्छ उमटली.

व्यापारी चड्डीवर बाहेर आले आणि त्यांनी त्याचं डोकं फाटकावर आपटलं. भुवई फुटली. त्यानं तोच हात त्यांच्या गालावर ठेवून दिला. कुत्रा उडी घेऊन आला. मी काठी आडवी धरली, ती त्यानं जबड्यात धरून मोडली. मालकानं गळपट्ट्याला लोंबकळून त्याला आत ओढलं, पण त्याआधी त्यांची एक बुक्की माझ्या तोंडावर बसली होती. खालचा दात हलला. गल्ली बघत होती. ज्यानं वीट मारली होती, तोच कोपर चोळत म्हणाला, "काका, रोज मार खायाला मधी का येताय?"

भिंतीला पुढे रंग दिला, तरी बोटं फिकट दिसतात. काळा कुत्रा आता साखळीनं बाहेर येतो. मागं मालक स्वतः असतात, हातात खुरपं आणि पिशवी. आम्ही एकमेकांकडं बघत नाही.

दहाव्या संध्याकाळी म्हैसवाला नव्या काठीसह आला. भुवईवर टाके, पोटरीला पट्टी. कुत्री तीन पायांवर दारापर्यंत आली आणि नेहमीसारखी गुरगुरली. त्यानं बराच वेळ तिला न्याहाळलं. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरलं. त्याचे खांदे हलत होते. मी दुसरीकडं पाहिलं.

जरा वेळानं त्यानं नाक पुसलं, काठी उचलली आणि तिच्यावर रोखली.

"दहा दिस झालं साहेब. आता मारली तर चालतंय की?"

कुत्रीनं काठीचं टोक दातात धरलं आणि सोडेना.