सौदीचाचांच्या दोन शिष्या

सौदीचाचा कुठल्याही गाडीजवळ गेले की आधी डाव्या दारापाशी जाऊन उभे राहत. दार उघडत, आत डोकावत, तिथं स्टिअरिंग नाही हे लक्षात आलं की स्वतःशीच हसत आणि वळसा घालून उजवीकडं येत. रियाधमध्ये एकोणीस वर्षं त्यांनी एका घरची गाडी चालवली होती आणि तिकडं स्टिअरिंग डावीकडं. आखाडा बाळापूरच्या स्टँडवरचे रिक्षावाले चिडवत, "चाचा, सौदीत न्हाई, बाळापुरात हाव तुमी!"

मी बाळापूरला शिक्षिका म्हणून गेले तेव्हा त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. घरी चाचा, चाची आणि धाकटी लेक रुबीना. थोरल्या दोघींची लग्नं चाचांनी मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेली. मला ते 'बाई' म्हणत. 'मॅडम' हा शब्द त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

ती मॅडम म्हणजे त्यांची रियाधची मालकीण. शाळेत गणित शिकवायची. नवरा वारलेला, दोन मुलं. तिला शाळेत सोडायचं, सुटेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहायचं, मग बाजार, दवाखाना, नातेवाईक, हे चाचांचं काम. "पोराच्या अंगात ताप असला तरी आधी मला हाक, मग दवाखाना," चाचा सांगत. "मी आजारी पडलो की तिची बी शाळा बंद. एवढी शिकलेली बाई, पण माझ्या हातापायावर चालून राहिली होती."

मग तिकडच्या सरकारनं बायकांना गाडी चालवायची मुभा दिली. त्या संध्याकाळी ड्रायव्हर लोकांच्या खोलीत कुणी धड जेवलं नाही. कुणी केरळचा, कुणी बांगलादेशचा, पण घोर सगळ्यांना एकच. चाचांनाही होताच. तरी दुसऱ्या दिवशी मॅडम मागं गप्प बसून आहे हे पाहून चाचांनीच विचारलं, "शिकायचं का?" तिनं रीतसर ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं, आणि शुक्रवारी सकाळी मोकळ्या मैदानात सरावाला शेजारी चाचा. सोबतचे म्हणाले, आपल्याच पोटावर पाय देऊन राहिला. चाचांचं उत्तर ठरलेलं होतं, "पोट माझं, पाय बी माझाच."

ही गोष्ट सांगताना मध्येच त्यांचा आवाज खाली जाई. "ज्या बायकांनी हेच आधी मागितलं होतं, त्यातल्या काही तुरुंगात गेल्या बरं का बाई. ते विसरायचं न्हाई."

मॅडमला लायसन मिळालं आणि चाचांचं काम संपलं. पासपोर्ट होता मॅडमच्या भावाकडं, कारण व्हिसा त्याच्या नावावरचा. त्यानं ठरवलं, या माणसाला आता चुलतभावाच्या मेंढ्या राखायला वाळवंटात पाठवू. आठ दिवस चाचांनी घरी काही कळवलं नाही. "मेंढरांचं मला वावडं न्हाई, बाई. पण तिथं एकट्याला टाकलं असतं तर माती तिकडंच झाली असती."

नवव्या दिवशी मॅडम स्वतः गाडी चालवत भावाच्या घरी गेली. दुपारी परतली आणि तिनं पासपोर्ट चाचांच्या हातावर ठेवला. भावाला म्हणाली होती, ज्यानं मला शिकवलं त्याला मी मेंढरांमागं जाऊ देणार नाही. विमानतळावर सोडायलाही तीच आली. "विमानात बसलो आणि रडलो," चाचा म्हणत. "दुःख म्हणून न्हाई. सुटलो म्हणून."

गावी येऊन त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना हायस्कुलात आणायला-सोडायला लागले. मधल्या वेळेत स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीवर बातम्या. एकदा कुणीतरी म्हणालं, "त्या लोकांच्या देशात बायकांना कोंडूनच ठेवतात." चाचांनी कप खाली ठेवला. "कोणत्या देशात? एकच देश हाय का तो? एकीकडं पोरींच्या शाळा बंद करून राहिले, दुसरीकडं पोरी विमान उडवून राहिल्या. बराबर बघत जा." मग हळूच, "तुझ्या दारात जीप हाय ना? तिची चावी बायकोनं कधी हातात धरली का?" हॉटेल हसलं. तो माणूसही हसला, जरा उशिरानं.

पुढं साखरेनं चाचांचे डोळे अधू केले. नांदेडच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. व्हॅन दारात उभी राहिली, तशा दोन मुलींच्या बापांनी शाळा पुरे म्हणून टाकलं. रुबीना म्हणाली, मी चालवते. आणि चाचा म्हणाले, नाही.

माझा कानांवर विश्वास बसेना. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, हे बाळापूर हाय. इथं लोक पोरीच्या तोंडावर बोलतील. तिला तकलीफ झाली तर मी काय करू?" मॅडमला आपल्या पोटाची पर्वा न करता शिकवणारा हा माणूस लेकीपुढं असा अडला होता. भाडेकरूनं किती बोलायचं, म्हणून मी गप्प बसले. रुबीना बसली नाही. जेवताना सरळ म्हणाली, "अब्बा, उस मॅडम को सिखाए. मेरे को कायकू नै?"

चाचा ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी मी पाणी भरत होते, तेवढ्यात सकाळची नमाज आटोपून आलेल्या चाचांचा अंगणातून आवाज आला, "रुबी, चप्पल नक्को. बूट पहन."

हिंगोलीला जाऊन लायसन निघालं. पहिल्या दिवशी स्टँडवर दोघे-तिघे बोललेच. चाचा शेजारच्या सीटवरून म्हणाले, "बोला, बोला. याच्याहून जास्ती रियाधला ऐकून आलो." महिन्याभरात त्या दोन मुलीही परत शाळेत आल्या, आणि त्या दिवशी चाचींनी गल्लीभर शिरखुर्मा वाटला, सण नसताना.

मागच्या वर्षी माझी बदली सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला झाली. व्हॅनमध्ये माझं सामान, पुढं मी आणि रुबीना, मागं गाठोड्यांना टेकून चाचा. कळमनुरीपर्यंत त्यांच्या सूचना चालू होत्या. गेर बदल. ट्रक येऊन राहिला. म्हैस बघ. कळमनुरी सुटली आणि मागून आवाज येईना. वळून पाहिलं, तर टोपी कपाळावर घसरलेली, हनुवटी छातीवर, चाचा गाढ झोपलेले.

रुबीनानं आरशात पाहिलं. "पहिल्यांदा झोपले, बाई," ती कुजबुजली. त्यानंतरचा प्रत्येक गतिरोधक तिनं तान्हं लेकरू उचलून घ्यावं तसा ओलांडला. हिंगोलीच्या बाजारातल्या गोंगाटानंही चाचा जागे झाले नाहीत. साखऱ्याला पोचल्यावर सामान आम्ही दोघींनीच उतरवलं, भांड्याला भांडं लागू न देता.